मिठाच्या पाण्यातला सूर्यास्त

आमच्या ह्यांनी विजेच्या वाटेत मीठ घातलं आणि त्यातून सूर्य मावळवला, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मीही आधी हसलेच होते, आणि हसण्याबरोबर चार शब्द सुनावलेही होते.

आमच्या घरात दोन माणसांना दोन वेडं. ह्यांना विजेचं आणि माझ्या धाकट्या भावाला नाटकाचं. उरलेली मी, ती ही वेडं सांभाळायला. हे थिएटरात लाइटवाले, धाकटा तिथंच नट आणि कपडेपट माझ्या ताब्यात. म्हणजे सकाळी चहाला जी तोंडं बघायची, तीच संध्याकाळी विंगेत बघायची. जरा वेगळं तोंड बघावं म्हटलं तर इस्त्री करताना आरसा समोर असायचा, आणि त्यातही मीच.

धाकट्याला लहानपणापासून फीट यायची. कारण कळायला वेळ लागला. झाडांच्या रांगेतून बस निघाली आणि खिडकीतलं ऊन डोळ्यांवर चमकायला लागलं की तो पडायचा. ट्यूबलाइट मरायला टेकून फडफडायला लागली की पडायचा. डॉक्टर म्हणाले, याला उजेडाचं वावडं नाही, थरथरत्या उजेडाचं आहे. पडण्याआधी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागायचा, जसं काही चिमटीत वाळू धरली आहे. ते फक्त मला दिसायचं, कारण आईच्या माघारी त्याला मीच वाढवलं. आणि शुद्धीवर येताना, डोळे उघडायच्या आधी, तो एकच विचारायचा, "ताई, आहेस ना?"

मी म्हणायचे, "आहे. इथेच आहे."

मग तो डोळे उघडायचा. मोठा झाला, औषधं लागू पडली, नट झाला, नावही झालं. मला वाटलं, सुटलो.

पण थिएटरात नवी डिमरची पेटी आली. दिवे कमीजास्त करायची बटणांची पेटी. कानामागून आली आणि तिखट झाली. वर्षभर बरी चालली, मग दिवे मंद केले की उजेड थरथरायला लागला. इतकं बारीक की प्रेक्षकांना कळायचं नाही. ह्यांनी दहादा तक्रार केली. मॅनेजर म्हणायचे, "मास्तर, तुम्हाला जुन्याचा सोस आहे." आणि एका प्रयोगात, संध्याकाळच्या प्रवेशात, धाकट्याचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला. मी विंगेतून धावेपर्यंत तो भर रंगमंचावर आडवा झाला होता. पडदा पाडताना पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "काय अभिनय आहे!" त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर धाकटा घरात बसला. पडदे ओढून घ्यायचा, दिव्याकडे पाठ करून जेवायचा. वर्ष उलटून गेलं. पेटी बदलली म्हणून सांगितलं, तरी तो तिकडे फिरकेना. तेव्हा आमच्या दिग्दर्शिका बाई घरी आल्या. त्यांनी त्याच्यासाठीच नाटक लिहिलं होतं. एक म्हातारा बाप बाकावर बसून मुलाची वाट बघतो. सकाळ होते, दुपार होते, संध्याकाळ होते. शेवटी उजेड हळूहळू जातो, पूर्ण काळोख होतो, आणि त्या काळोखात तो विचारतो, "कुणी आहे ना तिथं?" संपलं. सगळा उजेड एका खिडकीतून येणारा.

धाकट्यानं वाचलं आणि मिटून ठेवलं. "बाई, मी अंधाराला भीत नाही. अंधार होता होता जे होतं, त्याला भितो." बाई गेल्यावर मला म्हणाला, "ताई, एकदाच करून बघेन. पण त्यात पडलो तर परत कधी त्या पायरीवर पाय ठेवणार नाही. मग तू मला जा म्हणून सांगायचं नाहीस."

मी बरं म्हटलं.

रात्री जेवताना मी ह्यांच्यावर उखडले. "तुम्ही लाइटवाले ना? मग थरथर नसलेला उजेड आणा की!"

हे शांतपणे भाजीत मीठ घालत होते. गेल्या हिवाळ्यात ह्यांना मोठा ताप आला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. तेव्हापासून ताटात मिठाचा पाऊस. उलट मला रक्तदाबामुळे कित्येक वर्षं मीठ जवळजवळ बंद. आमच्या घरात भाजी दोन पातेल्यांत होते.

"पेटी काय करते माहीत आहे?" हे म्हणाले. "विजेचे तुकडे करते. चालू, बंद, चालू, बंद. नीट असली तर डोळ्याला पत्ता लागत नाही. पण तुकडे ते तुकडेच. माझे गुरू होते ना, ते विजेला कापायचे नाहीत. तिची वाट अवघड करायचे." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "नाटक सुटलं की दाराची दोन्ही कवाडं उघडी असली तर लोक कसे भसकन बाहेर येतात. एक कवाड लावलं तर? थांबत नाहीत, पण कमी येतात. आणखी ओढून घेतलं तर एकेक. कुणाला कापलं नाही, कुणाला हाकललं नाही. ह्याला रोध म्हणायचं."

"आणि दार कशाचं करणार?"

"पाण्याचं," हे म्हणाले. "मिठाच्या."

मी हसले ते तेव्हा. पण ह्यांनी सांगितलेली पुढची गोष्ट मला झोपेपर्यंत सोडेना. म्हणाले, तांब्याच्या जाड तारेतून वीज सहज जाते, म्हणून ती तार गार राहते, उजेड देत नाही. दिव्यातली तार केसासारखी बारीक. तिच्यातून जाताना विजेला झगडावं लागतं. तेवढ्या झगड्यानं तार तापते, लाल होते, पांढरी होते आणि आपण म्हणतो दिवा लागला. म्हणजे जिथं अडवणूक नाही तिथं उजेडही नाही. मी वर बघितलं. बल्ब रोज बघते मी, त्यावरची धूळ रोज बघते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आत कुणीतरी प्राण पणाला लावून उभं आहे.

दुसऱ्या दिवसापासून हे कामाला लागले. सांडपाण्यासाठी वापरतात तसली चिनी मातीची नळी, माझ्या छातीएवढी उंच, विंगेच्या कोपऱ्यात उभी केली. तळाला शिशाचा एक पत्रा, वरून दोरीनं टांगलेला दुसरा. मध्ये मिठाचं पाणी. वीज एका पत्र्यातून पाण्यात शिरायची आणि दुसऱ्यातून निघून दिव्यांकडे जायची. पत्रे जवळ आणले की मधलं पाणी थोडं, वाट सोपी, उजेड जास्त. वरचा पत्रा ओढला की पाणी लांबलचक, वाट बिकट, उजेड कमी. पत्रा पाण्याबाहेर आला की काळोख. भोवती लाकडी पिंजरा, त्याला कुलूप, पायाखाली रबर, आणि दोरी कप्पीवरून पिंजऱ्याबाहेर लाकडी मुठीपाशी. पत्रे एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये ठोकळा. तालमींमध्ये ह्यांनी दोरीला गाठी मारून ठेवल्या. ही गाठ सकाळ, ही दुपार, ही तिन्हीसांज.

धाकटा तालमीला यायचा, पण उजेडाकडे बघायचा नाही. बापाची भूमिका मान खाली घालून करायचा. बाई म्हणायच्या, "शेवटी तू खिडकीकडे बघायला हवंस रे." तो म्हणायचा, "प्रयोगात बघू."

आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी नळी तडकली.

कपडेपटाच्या दारापर्यंत पाणी आलं. हे धावत जाऊन दुसरी नळी घेऊन आले, तर ती पहिलीपेक्षा रुंद. पत्रे बसवून, सांधे भरून वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. बाहेर प्रेक्षकांची गर्दी. चाचणीला वेळच नाही.

"ये इकडे," हे मला म्हणाले. "पाणी चाखायचं आहे."

"मी? त्या विजेच्या रांजणातलं?"

"फ्यूज माझ्या खिशात आहे." खिशावर थाप मारून दाखवली. "गुरूंचं माप एकच. पाणी डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट हवं. माझी जीभ मेलीय. तूच सांग."

ह्यांनी मीठ टाकलं, काठीनं ढवळलं, चमच्यानं मला दिलं. आळणी. आणखी टाकलं. जरासं. आणखी थोडं. माझं तोंड वाकडं झालं.

"बस बस! चांगलं खारट झालं."

हे बघतच राहिले क्षणभर, पण माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा. पिंजऱ्याला कुलूप घातलं, फ्यूज बसवला. पहिली घंटा झाली.

पडदा उघडला. सकाळचा प्रवेश. बापानं बाकावर येऊन बसायचं आणि खिडकीतून लख्ख ऊन यायचं. ह्यांनी मूठ सोडली, पत्रा ठोकळ्याला टेकला. आणि ऊन कसलं, खिडकीत नुसती तांबूस राखाडी आली. चुलीतला निखारा विझताना असतो तशी. धाकट्याचा चेहराही दिसेना.

"पाणी कमी खारट आहे," हे कुजबुजले. "रोध जास्त झाला. तू चाखलंस ना नीट?"

"चाखलं म्हणजे! माझी जीभ पोळली मिठानं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि एकदमच उमगलं. कित्येक वर्षं आळणी खाणारी जीभ माझी. तिला चिमूटभर मीठ म्हणजे समुद्र! एकाला चव नाही आणि दुसरीला जरा जास्तच, अशी आम्ही जोडी, आणि आमच्या हातात धाकट्याचा उजेड. वीज चालू असताना पाण्यात मीठ टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. मध्यंतरापर्यंत काही करता येणार नव्हतं. मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

धाकटा अंधुक उजेडात बसून पहिली वाक्यं बोलत होता. प्रेक्षक गप्प. कुणी खोकलंही नाही. हे पिंजऱ्याला कान लावून उभे होते. मग त्यांनी माझा दंड धरला. "बघ," म्हणाले.

मी खिडकीकडे बघितलं. आधी वाटलं, माझ्या डोळ्यांना सवय झाली असेल. पण नाही. तांबूसपणा पिवळा होत होता. बाकाची कड दिसायला लागली, मग त्याच्या गुडघ्यावरची घडी, जी मीच घातली होती. मग हात. मग हनुवटी. ह्यांचे दोन्ही हात मोकळे होते, दोरीला कुणी शिवलंही नव्हतं.

"पाणी तापतंय," हे हलक्या आवाजात म्हणाले. "तापलं की त्याचा रोध कमी होतो. वीज स्वतःच स्वतःची वाट मोकळी करतेय."

माझ्या चुकीच्या जिभेनं जे बिघडवलं होतं, ते त्या नळीतलं पाणी कुणाला न विचारता दुरुस्त करत होतं. रंगमंचावर खरी पहाट होत होती. आजवर इतकी नाटकं बघितली, इतक्या खोट्या सकाळी बघितल्या, पण कुठली सकाळ सुरू झाली आणि कुठं पूर्ण झाली हे सांगता न येणारी ही एकच. बाई दुसऱ्या विंगेत तोंडावर हात धरून उभ्या होत्या. आणि धाकट्यानं, मान खाली घालणाऱ्या माझ्या धाकट्यानं, हळूच मान वर केली. वाढणारा उजेड त्याच्या कपाळावर चढताना मी बघत होते, आणि मला रडू आलं. ते पाणी ओठांपर्यंत आलं तेव्हा कळलं की गुरूंचं माप किती खारट होतं.

मध्यंतराला ह्यांनी फ्यूज काढला. नळीतून वाफ येत होती. मी मिठाची बरणी पुढे केली.

"आता नको," हे म्हणाले. "गरम पाण्यात मीठ घातलं तर उजेड एकदम उसळेल. काळजी वेगळीच आहे. मीठ कमी म्हणून पाणीच जास्त तापतंय. उकळलं तर बुडबुडे येतील, आणि बुडबुडे आले की..."

त्यांना पुढं बोलायची गरज नव्हती. बुडबुडे आले की उजेड थरथरणार.

मी कपडेपटात गेले. राजाची चादर, राणीची ओढणी, दोन सैनिकांचे झगे, हाताला लागलं ते गार पाण्यात बुचकळून आणलं. फ्यूज ह्यांच्या खिशात होता तोवर आम्ही नळीला ते सगळं गुंडाळलं. नळी कुण्या आजारी माणसासारखी दिसायला लागली. मॅनेजर येऊन बघून गेले. "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "ताप उतरवतोय." ते निघून गेले.

शेवटचा प्रवेश सुरू होताना हे माझ्याकडे वळले. "दोरी तू घे."

"मी?"

"नळी नवी, पाणी तापलेलं. गाठी कुचकामी झाल्या. आता चेहरा बघूनच उजेड उतरवायला हवा, आणि त्याचा चेहरा तुझ्यासारखा कुणाला वाचता येतो? मी पाण्याचा आवाज ऐकतो. सूं आवाज आला की बोट उचलेन. मग पटकन ओढायची, वीज कमी झाली की पाणी शांत होतं."

मी आयुष्यात कधी साधा फ्यूज बदलला नाही. पण मूठ हातात घेतली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

धाकटा बाकावर बसला होता. खिडकी भरून सोनेरी ऊन. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत दोरी ओढायला लागले, नखाएवढी, मग आणखी नखाएवढी. हाताला काहीच जाणवत नव्हतं, फक्त एका पत्र्याचं वजन. आणि समोर ऊन कलत होतं. पत्रा वर चढत होता, खाली पाण्याची वाट लांबत होती, आणि त्या वाटेवरून वीज दमत दमत, पण न तुटता, न अडखळता, दिव्यापर्यंत पोचत होती. सोनेरीचा केशरी झाला. मी इतकं मोठं काही कधी हातात धरलं नव्हतं. अख्खं थिएटर, त्यातली सगळी माणसं, माझा भाऊ, आणि एक मावळता सूर्य, सगळं त्या लाकडी मुठीत होतं, आणि ते इतकं हलकं होतं की मला भीती वाटली.

पिंजऱ्यातून बारीक सूं आली. ह्यांचं बोट वर गेलं. मी धाकट्याच्या हाताकडे बघितलं. अंगठा स्थिर होता. पटकन ओढलं असतं तर सूर्य पडला असता, मावळला नसता. मी श्वास धरला आणि एका दमात, पण सरळ रेषेत, एक वीतभर ओढलं. केशरी लाल झाला. सूं थांबली. ह्यांचं बोट खाली आलं.

आता फक्त दिव्यांतल्या तारा उरल्या होत्या, लाल, केसासारख्या. धाकट्यानं मान वर केली आणि खिडकीकडे, थेट त्या तारांकडे बघितलं. अंगठा हलला. मला दिसला की भास झाला, कळलं नाही, कारण तेवढ्यात पत्रा पाण्यातून सुटला. तारा क्षणभर तशाच राहिल्या, मग गेल्या.

काळोख. असा की स्वतःचा हातही दिसेना. धप्प असा आवाज येईल म्हणून मी कान टवकारले. काहीच नाही. त्याचं वाक्यही नाही. प्रेक्षकांचा श्वाससुद्धा नाही.

आणि मग काळोखातून आवाज आला, हळू, बाकाच्या बाजूनं.

"ताई, आहेस ना?"

हे नाटकातलं वाक्य नव्हतं. पडला, माझा धाकटा पडला. हे मी केलं, ह्या हातांनी केलं. मी विंगेतूनच मोठ्यानं म्हणाले, "आहे! इथेच आहे!" आणि मूठ खाली सोडायला लागले. घाई करून चालणार नव्हतं, एकदम उजेड पाडून चालणार नव्हतं. पत्रा पाण्याला टेकला. तारा लाल झाल्या. मी सोडत गेले, नखाएवढं, मग आणखी नखाएवढं, आणि मघाचीच पहाट पुन्हा यायला लागली.

आधी त्याचे जोडे दिसले. ते जमिनीवर सपाट होते. मग गुडघे, सरळ. मग दोन्ही हात, उघडे, शांत. तो उभा होता. चेहऱ्यावर उजेड आला तेव्हा त्याचे डोळे सताड उघडे होते, आणि तो त्या दिव्यांकडे, वर्षभरात पहिल्यांदा, टक लावून बघत होता.

प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटक असंच आहे. बाईंनी नंतर ते तसंच ठेवलं. त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगात काळोखात तो मला विचारतो, आणि मी दोरी हातात धरून सांगते. पाणी मात्र आता बाई चाखतात.